सासऱ्यांची गुळगुळीत फळी

आमच्या घरात टेबल एकच, आणि त्यावर माझ्या नवऱ्याने ऑफिस थाटलंय. त्याच्या मिटिंगा महत्त्वाच्या असतात. मी आपली सोफ्यावर. मी स्वयंपाकघरातल्या कपाटांचे आराखडे काढते, त्यावरून कारखान्यात कपाटं बनतात. म्हणजे काम कसं, मांडीवर मावणारं. लॅपटॉप मांडीवर राहायचा, पण माउस कुठे ठेवायचा? उशीवर तो रुतायचा, सोफ्याच्या हातावरून दर दहा मिनिटांनी जमिनीवर उडी घ्यायचा. माउस सोडून लॅपटॉपच्या पट्टीवर नुसतं बोट फिरवलं, की रेघ इकडची तिकडे व्हायची आणि कुणाच्या तरी घरचा ड्रॉवर उघडेनासा व्हायचा.

हे सगळं समोरच्या खुर्चीतून सासरे बघत असायचे. सासरे सुतार. चाळीस वर्षं लोकांची घरं सजवली, स्वतःच्या घरात मात्र एक डुगडुगतं स्टूल. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला, तेव्हा मुलाने हत्यारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली. काळजीपोटी, असं तो म्हणतो. तेव्हापासून सासऱ्यांनी प्रत्येक खुर्ची-कपाटाला नावं ठेवायचं काम हाती घेतलं होतं. माझ्या आराखड्यांकडे तर असे बघायचे, की यांच्या पोटावर पाय दिला तो मीच.

एक दिवस माउस चौथ्यांदा पडला, तेव्हा ते म्हणाले, फळी करून देतो. नवऱ्याने मिटिंगमधूनच नकारार्थी मान हलवली. मी मुकाट्याने पेटी काढून दिली.

एका फळीला अकरा दिवस लागले. दोन फळ्या करवत भरकटून वाया गेल्या. दोष अर्थातच लाकडाचा. तिसरी मात्र सोफ्याच्या हातावर अशी घट्ट बसली की हलायचं नाव नाही. त्यावर त्यांनी पॉलिशचे पाच हात दिले. तोंड बघून घ्यावं इतकी चकचकीत.

मी माउस ठेवला. पडद्यावरचा बाण एकदा दचकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. इतक्या चकचकीत गोष्टीवर माउसखालच्या दिव्याला काही दिसत नाही, हे पोटापाण्यासाठी माउस चालवणाऱ्या मला आत्ता आठवलं. सासरे टक लावून बघत होते. मी म्हटलं, छान चालतोय.

मग आठवडाभर उजव्या हाताने माउस नुसता फिरवायचा आणि डाव्या बोटाने खरं काम करायचं, असा माझा नाटकाचा प्रयोग चालला. शेवटी कंपनीतून साहेबांचा फोन आला. एका घरचा ड्रॉवर शेजारच्या दारावर आपटत होता. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

फोनवरचं सासऱ्यांनी सगळं ऐकलं. उठून आले, फळीवर माउस स्वतः फिरवून बघितला. बाण ढिम्म.

"बाबा, सोडा आता ते," नवरा टेबलावरूनच म्हणाला. "तुमचा हात राहिला नाही पूर्वीसारखा."

सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. आठवडाभर मूग गिळून बसलेल्या मला माझाच संताप आला. माझ्या खोट्या भिडेपायी खापर त्यांच्या हातावर फुटत होतं.

"हाताचं काही चुकलं नाही, बाबा," मी म्हटलं. "पॉलिश फार चांगलं झालंय. इतक्या चकचकीत फळीवर माउस चालतच नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग फळी काढून मांडीवर घेतली, पेटीतून सँडपेपर शोधला आणि आपल्याच पाच हातांच्या पॉलिशवर तो टेकवला. हात थरथरत होता आणि कागदाखालची चकाकी भराभर उतरत होती. माझ्याने बघवेना.

"बघतेस काय," ते म्हणाले. "या कामाला हाच हात लागतो. नुसता कागद धरायचा, घासायचं हात आपणहून बघतो."