नथीसाठी अजून फूटभर

“माझा श्पार्गेल! माइन गॉट, माझा श्पार्गेल!”

आमच्या घरमालकीण फ्राउ केसलबाख फाटकात उभ्या राहून ओरडत होत्या. चर्चमधून नुकत्याच परतल्या होत्या. डोक्यावर टोपी, टोपीवर पीस, आणि ते पीससुद्धा रागाने थरथरत होतं. मी त्या वेळी त्यांच्या बागेत कमरेइतक्या खोल खड्ड्यात उभा होतो. माझे मेहुणे गळ्यात हुला-हूप घालून अवजारांच्या खोपटाच्या दारात अडकले होते. एवढं सोडलं, तर रविवारची सकाळ अगदी शांत होती.

हे सगळं घडलं एका शिंकेमुळे. आणि वसंतरावांमुळे. शिंकेला मी केव्हाच माफ केलंय.

साठ साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. बॉनजवळच्या एका गावात फ्राउ केसलबाखबाईंच्या माडीवर आम्ही दोघं राहत होतो. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करत होतो. प्रबंध निम्माही झाला नव्हता, पण बाई आगाऊच मला ‘हेर डोक्टर’ म्हणत आणि कुसुमला ‘फ्राउ डोक्टर’. (साताऱ्याला मला अजून ‘बाळ्या’च म्हणत होते, त्यामुळे मी हरकत घेतली नाही.) तेव्हा जर्मनीत खोली मिळणं म्हणजे लॉटरी लागणं! लढाईत निम्मी गावं पडलेली, उरलेल्या घरांत माणसं दाटीवाटीने राहिलेली. आमची खोली मिळवण्यासाठी मी इतकी दारं ठोठावली होती की उजव्या हाताची बोटं अजून किंचित वाकडी आहेत.

कुसुमबरोबर आईने आपली मोत्यांची नथ पाठवली होती. पाठवताना बजावलं होतं, “नाक तुझं, पण नथ माझी. नलूच्या लग्नाआधी परत पाहिजे.” नलू ही माझी धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलं. साताऱ्याचे एक ओळखीचे डॉक्टर सोमवारी बोट पकडायला निघणार होते, त्यांच्याबरोबर नथ जायची होती. तेव्हा शनिवारी दुपारी कुसुम म्हणाली, “अहो, नथ जायच्या आधी एक फोटो तरी काढा. सासूबाईंना दाखवायला, की मी ती घातली होती.”

नऊवारी नेसून, नथ घालून ती बागेत उभी राहिली. मी कॅमेऱ्यात डोळा घातला. म्हटलं, “जरा मागे हो. अजून जरा. हं, हस!” मे महिना. झाडं फुललेली, हवेत परागांचा नुसता धुरळा. कुसुम हसली नाही. शिंकली. आणि काय शिंकली! समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायचं थांबलं. चापाची नथ ती! नाकावरून सुटली आणि गेली. कुठे गेली? फोटोत एक रेघ आलीय, बाकी काही नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही गुडघ्यांवर रांगलो. नथ नाही. कुसुमने स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली. “वरची माती थोडी थोडी घेऊन चाळते,” ती म्हणाली. “कुठे जाणार आहे? इथेच कुठेतरी पडलीय.”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण घरात एक भावी डॉक्टर असताना नथ पिठाच्या चाळणीने शोधायची? मी पोस्टात गेलो आणि आखेनला वसंतरावांना फोन लावला.

वसंतराव म्हणजे कुसुमचे थोरले भाऊ. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात रेडिओच्या लहरींवर संशोधन करत. या गृहस्थाने आयुष्यात कुठलीही साधी वस्तू साधी राहू दिली नव्हती. त्यांनी दुरुस्त केलेल्या दारावरच्या घंटीवर रेडिओची स्टेशनं लागत! त्याच संध्याकाळी ते गाडीने आले, हातात मित्राकडून आणलेलं धातू शोधायचं यंत्र. काठीच्या टोकाला बशीएवढी तबकडी, वर डबा, कानाला हेडफोन. जमिनीत वीतभर खोल काही असलं की कानात ‘कुंई’ व्हायचं.

पाच मिनिटांत कुंई झालं. खिळा! पुन्हा कुंई. बाटलीचं बूच! मग पुन्हा खिळा.

“हे बघ दादा,” कुसुम म्हणाली, “बरं चाललंय. असंच सगळीकडे फिरव.”

वसंतरावांनी हेडफोन काढले. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला. तो भाव मी ओळखतो. त्यानंतर नेहमी काहीतरी जळतं.

“जावईबापू,” ते मला म्हणाले, “हे उथळ यंत्र आहे. उथळ यंत्राला उथळच वस्तू सापडणार. खिळे, बुचं. आल्झो, तेव्हा, आपल्याला खोल गेलं पाहिजे.”

“गेनाऊ!” मी म्हणालो. (म्हणजे ‘अगदी बरोबर!’ या एका शब्दाबद्दल मी स्वतःला अजून दोन चपराका मारायला तयार आहे.)

“अरे पण दादा,” कुसुम म्हणाली, “नथ आज दुपारी पडली. दुपारी पडलेली नथ संध्याकाळपर्यंत खोल जाईल कशी? ती काय रताळं आहे?”

“कुसे, तुला मातीचं शास्त्र ठाऊक नाही. भुसभुशीत माती, जड धातू. गांडुळं असतात. बिळं असतात.”

“म्हणजे गांडूळ नथ घालून गेलं?”

“तू आत जा बघू!” आम्ही दोघे एकदम म्हणालो.

तबकडीतलं तारेचं वेटोळं जितकं मोठं, तितकं यंत्र खोल बघतं. हे खरं आहे, पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की वेटोळं मोठं केलं की बारीक वस्तू दिसेनाशा होतात. ती ओळ आम्ही दोघांनीही वाचलेली होती. पण पुरुषमाणूस एकदा खोल जायचं म्हणाला, की खालची ओळ कोण वाचतो?

मोठं वेटोळं कशावर गुंडाळायचं? तळघरात फ्राउ केसलबाखबाईंचा हुला-हूप होता. आदल्या वर्षी सगळी जर्मनी कमरेभोवती कडी फिरवत होती, तेव्हा बाईंनीही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणला होता. दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा कपाट पडलं, म्हणून ठेवून दिला होता. वसंतरावांनी त्यावर तांब्याची तार गुंडाळली, त्या चांगल्या यंत्राची चांगली तबकडी कापून टाकली, आणि डबा हूपला जोडला.

“आधी माझी अंगठी ठेवून बघा,” कुसुम दारातून म्हणाली. “ती दिसते का?”

“अंगठी कशाला? मोठं काहीतरी आण, म्हणजे नीट कळेल.”

ती पितळेचा तांब्या घेऊन आली. आदळल्यासारखा ठेवला. आम्ही हूप वर धरला. यंत्र असं केकाटलं की वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघितलंत? तांब्या धातूचा, नथ धातूची. सिद्ध झालं!”

मीसुद्धा टाळी दिली. दोन उच्चशिक्षित माणसांनी नाकातली नथ शोधण्यासाठी घागरीच्या धाकट्या भावावर प्रयोग केला आणि एकमेकांना टाळ्या दिल्या!

जर्मनीत रविवारी बागेत खोदणं म्हणजे देवळात चपला घालून नाचणं. रविवारी हातोडा मारायचा नाही, गालिचा झटकायचा नाही, मोठ्याने खोकायचं झालं तर खिडकी लावायची. पण सोमवारी नथ जायची होती! तेव्हा बाई चर्चला गेल्या आणि आम्ही बागेत उतरलो. शेजारचे पडदे हलले. वसंतराव हूप गळ्यात घालून, एखाद्या सत्कारमूर्तीसारखे, पावलापावलाने चालत होते. मी मागून फावडं घेऊन. कुसुम चाळणी घेऊन आमच्या मागे.

श्पार्गेलच्या वाफ्याशेजारी यंत्र ओरडलं. श्पार्गेल म्हणजे पांढऱ्या शतावरीचे कोंब. इथली माणसं त्यासाठी वेडी होतात. पण तो लावला की तीन वर्षं तोडायचा नसतो, मुळं धरू द्यायची असतात. बाईंच्या श्पार्गेलचं हे पहिलं तोडणीचं वर्ष! मातीच्या वरंब्यातून कोंबांची टोकं नुकती डोकावत होती आणि बाई रोज सकाळी त्यांना गुड मॉर्निंग म्हणत.

“इथे,” वसंतराव म्हणाले. “पण खोल आहे.”

मी खणायला लागलो. पहिली दोन-चार फावडी कुसुमच्या पायाशी टाकली. ती चाळू लागली. मी घोट्यापर्यंत गेलो असेन, एवढ्यात तिचा आवाज आला, “अहो, ऐका ना...”

“नंतर!”

“अहो, पण बघा तरी इकडे, ही...”

“कुसुम, कानात आवाज वाढतोय!” वसंतराव हेडफोन दाबून ओरडले. “मध्ये बोलू नकोस! जावईबापू, अजून फूटभर!”

“अरे दादा, मी काय म्हणतेय...”

“तू आत जा,” मी म्हणालो, “आणि पोहे कर. आम्हाला अजून खोल जायचंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चाळणी उचलली आणि आत गेली. दार जोरात आपटलं. रविवार असूनही!

मी गुडघ्यापर्यंत गेलो. “अजून फूटभर!” खड्डा अरुंद पडू लागला, म्हणून वाफ्याच्या बाजूने जरासा रुंद केला. जरासाच! दोन वरंबे. माती टाकायला जागा उरली नाही, म्हणून ती तिसऱ्या वरंब्यावर. “अजून फूटभर!” हा माणूस वर उभा राहून हातात काहीही न धरता मला पाताळात पाठवत होता! माझी पाठ मोडली, हाताला फोड आले, तोंडात माती गेली. मी ओरडलो, “वसंतराव, आता तुम्ही उतरा!” तर म्हणाले, “मी यंत्र आहे ना!”

आणि फावडं आपटलं. टण्!

जर्मनीत जमिनीखाली टण् वाजलं तर पहिला विचार एकच येतो. वर्तमानपत्रात रोज कुणाच्या तरी परसात बॉम्ब सापडत होते. वर पाहिलं तर वसंतराव नव्हते! खोपटाकडे पळाले होते. हूप गळ्यातच होता. दारातून माणूस गेला, हूप राहिला, मग माणूसही राहिला.

“हलू नका!” तिथून ओरडले. “श्वासही घेऊ नका!”

“मग काय करू? अजून फूटभर खणू?”

“माझा श्पार्गेल!” फाटकातून तिसरा आवाज आला.

बाई तीरासारख्या आल्या. मी दोन्ही हात वर केले. “फ्राउ केसलबाख, पुढे येऊ नका! बॉम्ब!”

त्या काठाशी आल्या. वाकल्या. चष्मा सरळ केला.

“बॉम्ब? ही माझी चूल आहे.”

मी खाली पाहिलं. खरंच, लोखंडी चुलीचा कोपरा. पलीकडे पलंगाचा पाय. त्याच्याखाली सायकलचं चाक.

“बॉम्ब पंधरा वर्षांपूर्वी पडला, हेर डोक्टर. त्याचाच हा खड्डा. घराचं जे उरलं ते मी माझ्या हातांनी यात लोटलं. चूल, पलंग, नवऱ्याची सायकल. मग ढकलगाडीने माती आणली. वर्षानुवर्षं. परत काही दिसू नये म्हणून. त्यावर श्पार्गेल लावला. आणि तुम्ही रविवारी, मी देवाच्या दारात असताना, ते सगळं वर काढताय!”

मला बोलायला तोंड नव्हतं. जे होतं त्यात माती होती.

“पण बाई,” खोपटाच्या दारातून वसंतराव म्हणाले, “यंत्राने जागा अगदी अचूक दाखवली.”

त्यानंतर बाई जे बोलल्या त्यातले निम्मे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. उरलेले विद्यापीठातही कुणी सांगायला तयार झालं नाही. शेवट मात्र स्वच्छ होता. पहिल्या तारखेला खोली रिकामी! मग त्यांनी माडीकडे तोंड करून हाक मारली, “फ्राउ डोक्टर! हे दोघे शोधतायत तरी काय?”

कुसुम पायऱ्या उतरून आली. हाताला पोह्यांची हळद, पदर खोचलेला.

“ही,” ती म्हणाली, आणि नाकाकडे बोट दाखवलं.

नाकात नथ होती. मोती लखलखत होते.

बाईंनी नथीकडे पाहिलं. खड्ड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. कुसुमचा हात धरून म्हणाल्या, “तुम्ही राहा, बाळ. खोली तुमची. या दोघांचं मी बघते. चर्चच्या संध्याकाळच्या घंटेआधी सगळं होतं तसं खाली गेलं पाहिजे. आधी सायकल, मग पलंग, मग चूल.”

दोघी माडीवर पोहे खायला गेल्या. आम्ही बुजवत बसलो. वसंतराव हूपमधून सुटले होते, आणि सुटल्याबरोबर सांगत होते की माती परत टाकताना ती जास्त का होते यावर एक निबंध लिहिता येईल. मी त्यांच्या अंगावर फावडं टाकलं नाही, ते फक्त नलूच्या लग्नात विघ्न नको म्हणून!

संध्याकाळी माती माखलेल्या कपड्यांनीच मी जिना चढलो. कुसुम नथ कापसात गुंडाळून डबीत ठेवत होती. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

“सापडली होती, तर सांगायचं नाही?” मी गरजलो. “तोंड नव्हतं का तुला?”

तिने डबीचं झाकण लावलं.

“सांगत होते. तेव्हा तुम्ही घोट्यापर्यंतच होतात.”