अब्बांच्या कबरीवर पहिल्यांदा गेले तेव्हा

जोगेश्वरीतली गोष्ट, छप्पन्न-सत्तावन्न सालची. मी तेव्हा वीस वर्षांची. मुलगी होऊन चारच दिवस झाले होते, आणि दोन गल्ल्या पलीकडे माझे अब्बा वारले... मला उठताही येत नव्हतं. शेवटचं तोंडही दिसलं नाही.

चाळीस दिवस उलटल्यावर सासूबाईंना म्हटलं, "अम्मा, मला अब्बांच्या कबरीवर जायचंय."

"बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं." विषय संपला!

पण माझा घास उतरेना. ते बघून सासरे एके दिवशी मशिदीतल्या मौलवीसाहेबांना घरीच घेऊन आले.

पडद्याआडून त्यांनी मला विचारलं, "जाऊन काय करशील, बेटी?"

"सलाम करीन. त्यांच्यासाठी दुआ मागीन."

"रडशील?"

"रडू येईलच... पण आक्रोश नाही करणार."

ते म्हणाले, "बायकांच्या जाण्यावर आलिमांचं, धर्माच्या जाणकारांचं, एकमत नाही. पण आधी पैगंबरांनी सगळ्यांनाच मनाई केली होती, मग त्यांनीच मुभा दिली. कबर बघून माणसाला आपलाही शेवट आठवतो, म्हणून. फक्त मागायचं ते अल्लाहकडे, कबरीकडे नाही. जा तू."

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घालून दारात उभ्या! "एकटी कशी जाशील? चल."

सासरे पुढे, आम्ही दोघी मागे. अब्बांची कबर म्हणजे नुसती ओली माती... सलाम केला, दुआ मागितली. नात झाल्याचं हळूच सांगूनही टाकलं.

मागे वळले तर सासरे सासूबाईंना कुंपणाजवळ घेऊन गेले होते. एका बुटक्या उंचवट्यापाशी थांबून म्हणाले, "ही आपली हमीदा."

हमीदा त्यांची पहिली मुलगी. दोन वर्षांची असताना तापानं गेली होती... पुरुषांनी उचलून नेलं, ते कुठे, हे सासूबाईंना बावीस वर्षं ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला जागा कशी आठवते?"

"दर शुक्रवारी येतो ना."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तुला त्रास होईल म्हणून..."

सासूबाई खाली बसल्या. तळवा मातीवर ठेवला, मग हात उचलून कितीतरी वेळ दुआ मागत राहिल्या.

परतताना त्या वाटभर हमीदाबद्दलच बोलत होत्या. ती कशी चालायची, काय खायची... तिचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

मौलवीसाहेब, सासरे, सासूबाई, आता कुणीच नाही. तिघांनाही माझा सलाम... परवानगी मी माझ्यासाठी मागितली होती, मिळाली ती दोघींना.