दाराशी घेतलेली नावं

लेस्टरहून सुधामावशीबरोबर सकाळच्या ट्रेनने लिंकनशायरमधल्या एका छोट्या गावाला निघाले, तेव्हा तिथल्या साप्ताहिकाविषयी मला काडीचा आदर नव्हता. चळवळीतल्या घरात पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली मी. वर्तमानपत्राने भांडावं, हे माझं मत. हे तर केकच्या स्पर्धांचे निकाल छापणारं.

"आधी बघ, मग बोल," मावशी म्हणाली.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, त्या गावात डॉक्टर होते. ते गेले तेव्हा, तिथल्या रिवाजाप्रमाणे, साप्ताहिकाचा बातमीदार वही घेऊन स्मशानगृहाच्या दाराशी उभा राहिला आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्याने लिहून घेतलं. गुरुवारच्या अंकात सगळी नावं आली. मावशीला तेव्हा तो अंक उघडवला नाही; पुढे घर बदलताना हरवला. "त्या दिवशी मी मान वर केलीच नाही गं. कोण कोण आलं होतं, ते एकदा वाचायचंय."

चौकातल्या साप्ताहिकाच्या कचेरीच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात साप्ताहिक मात्र मिळालं. नाव तेच, गावाचंच; आत दुसऱ्याच गावचा अपघात आणि सोफ्यांच्या जाहिराती. या गावात त्यांचा एकही बातमीदार उरलेला नाही.

लायब्ररीत आम्हाला हव्या त्या वर्षाचे अंक नव्हते. तिथल्या बाईंनी फोन करून केनकडे पाठवलं. केन म्हणजेच तो बातमीदार, आता ऐंशीच्या पुढचा. त्याने चहा आणि प्लम ब्रेड (मनुका घातलेला गोडसर पाव) पुढे ठेवला, वर चीजचा तुकडा. खाता खाता इतिहास सांगितला. एका छापखानेवाल्याने हे साप्ताहिक काढलं. कित्येक वर्षं पहिल्या पानावर फक्त गुरांच्या लिलावाच्या जाहिराती असत. प्रत्येक खेड्यातून कुणीतरी बातम्या लिहून पाठवी. छापताना कुणाचं नाव चुकलं, की तो माणूस सोमवारी तक्रार घेऊन कचेरीत हजर.

मग दूरच्या एका कंपनीने ते विकत घेतलं, कचेरी बंद केली आणि जुने बांधीव अंक स्किपमध्ये (रस्त्यावरच्या मोठ्या कचरापेटीत) टाकले. केनने गाडीतून दोन खेपा वाचवल्या. तिसऱ्या खेपेला आला, तोवर लॉरी निघून गेली होती.

"तुमचं वर्ष तिसऱ्या खेपेत होतं," तो मावशीला म्हणाला.

माझं डोकं फिरलं. कुणीच कसं अडवलं नाही, असं मी जोरात विचारलं. सगळं कॉम्प्युटरवर आहे असं मॅनेजर म्हणाला होता, केन म्हणाला. नव्हतं.

त्याला चार नावं आठवली: खाटीक, शाळेच्या बाई, दोन नर्स. मावशीने हळूच विचारलं, "आणि शेजारची रूथ? ती आली असेलच ना?"

केनने कप खाली ठेवला. "असेल. पण तिचं नाव लिहिल्याचं मला आठवत नाही. आठवत नाही ते नाव मी तुम्हाला देणार नाही."

क्षणभर त्याचाही राग आला. म्हातारीला हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

परतीच्या ट्रेनमध्ये राग योग्य जागी गेला. बंदी घालणाऱ्या सरकारशी भांडायला मला शिकवलंय. इथे बंदी कुणी घातलीच नाही. एका सकाळी गावाच्या कितीतरी माणसांची नावं कचऱ्यात गेली, आणि गावाचं नाव मात्र ही कंपनी दर गुरुवारी त्याच गावाला विकते आहे. याला चोरी म्हणतात.

लेस्टर जवळ आलं तेव्हा मावशी बोलली. "रूथ आली असेल ना गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "माहीत नाही गं, मावशी," मी केनसारखंच म्हणाले.