उपाशी ठेवायला सांगितलेली मुलगी

मारिया सिस्टरांचा राग मी फार जवळून पाह्यलाय. अंबडच्या एका खासगी दवाखान्यात मी, ताहेरा, त्यांच्या हाताखाली नर्सचं काम शिकले. त्या जुन्या जालन्याहून रोज एसटीनं यायच्या. गळ्यात क्रूस, डब्यात भाकरी-ठेचा आणि बाळंतपणाचा तीस वर्षांचा अनुभव. पेशंटला कुणी 'चार नंबर' म्हटलं की तडकायच्या, "तिला नाव न्हाई का?"

सात वर्षांपूर्वी वंदना नावाची बाई आमच्याकडे बाळंत झाली. सिझर होतं, ती अजून गुंगीत होती. मुलगी झाली. तिचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेला, त्यामुळं अंगावर पिता येईना. वंदनाचे सासरे सर्जेराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी बाळाकडं एकदाच पाहिलं आणि डॉक्टरांना बाजूला घेतलं. मी तिथंच उभी होते.

"दूध पाजू नका. दोन-तीन दिवसांत आपोआप सुटंल बिचारी. सुनंला सांगू, मेलेलंच जन्मलं म्हणून."

सर्जेराव गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "घरच्यांचा निर्णय आहे."

मी रडत सिस्टरांकडं गेले. त्या तडक उठल्या. वंदनाला हलवून जागं केलं. "पोरी, तुझी लेक जिती हाय. ऊठ." तिचा चीक वाटीत काढला, बाळाला उभं धरलं आणि चमच्यानं थेंब थेंब पाजायला लागल्या. तेवढ्यात सर्जेराव दारात आले, मागं डॉक्टर.

"कुणाला विचारून पाजून राह्यल्या?"

"ह्या लेकराला. भूक लागली म्हणालं."

"आमच्या घरातलं लेकरू हाय, आम्ही बघून घेऊ."

"तुमच्या घरातलं हाय, तुमच्या मालकीचं न्हाई! जीव देणारा वर बसलाय. तोंड फाटकं असलं म्हणून माणूस अर्धा होतो का? गोठ्यात असं वासरू झालं असतं, तर बाटलीनं पाजलं असतं ना तुम्ही?"

सिस्टर डॉक्टरांकडं वळल्या. "कागदावर लिहा, बाळ उपाशी ठेवलं. खाली सही करा. मंग मी थांबते."

डॉक्टरांनी पेन उचललं नाही.

आम्ही दोघींनी आळीपाळीनं बाळाला पाजलं. टाके निघाल्यावर वंदना लेकीला घेऊन वाटूरला माहेरी गेली. पुढच्याच महिन्यात सिस्टरांना कामावरून काढलं. कारण काय, तर नातेवाइकांशी उद्धट वागतात. आम्ही सगळ्या नर्स गप्प बसलो. मीही.

नंतर एकदा त्यांच्या घरी गेले तर त्या चर्चहून नुकत्याच आल्या होत्या. चेहरा लालबुंद. "फादर म्हणाले, सर्जेरावलाही देवानंच आपल्या रूपात घडवलंय. मी म्हटलं, ठाऊक हाय फादर. तेच तर जड जातंय."

मुलीचं नाव अर्पिता. संभाजीनगरला दोन ऑपरेशनं झाली. आता शाळेत जाते, थोडं नाकातून बोलते, पण बोलते भरपूर. मागच्या वर्षी वंदना तिला घेऊन सिस्टरांच्या पाया पडायला आली. "तुम्ही देवमाणूस हायत, सिस्टर."

सिस्टर उसळल्याच. "भुकेल्या लेकराला दूध पाजलं फक्त! एवढ्यानं देवमाणूस होत असंल, तर तिथं बाकीचे कोण होते गं?"

मी तिथंच बसले होते. हातातला चहा मला प्यायवला नाही.