नाइलाज, सायकल आणि मुकी बस

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "शहरातला गाड्यांचा धूर कमी व्हावा, लोकांनी चालावं, सायकल चालवावी, बसनं जावं, असे जे वाहतुकीचे आराखडे होतात ना, ते कागदावरून रस्त्यावर आणायला आम्ही शहरांना मदत करतो." इथपर्यंत समोरचा ऐकतो. पुढचं वाक्य सुरू केलं की त्याचा हात मोबाईलकडे जातो!

पण "अहो, परवा सात रस्ता चौकात काय झालं माहितीये का?" म्हटलं, की तोच माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो. आराखडा आमचा एकच, आणि तोही अजून अर्धाच उतरलाय. किस्से मात्र रोज नवे. आता इतके साठलेत की ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "तो नाइलाजवाला सांगा की!"

आम्ही चौघं. बिराजदार साहेब आमचे प्रमुख. मूळचे अक्कलकोटकडचे, रिटायर्ड इंजिनिअर, देहानं आणि आवाजानं भरभक्कम. श्रीनिवास नकाशे काढतो. पूर्व भागातल्या विणकर घरातला, बोलायला कंजूष. मुजावर चाचा आमची गाडी चालवतात आणि न विचारता सल्ला देतात. चौथी मी, बार्शीची. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. त्यामुळे सगळ्या रिपोर्टांना फोडणीचा वास!

* * *

तर नाइलाजवाला.

सुरुवातीला सर्व्हे होता. लोक कशानं प्रवास करतात, एवढंच विचारायचं. फॉर्मवर चौकोन होते: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, बस, इतर. मी बाजाराच्या तोंडाशी उभी. एक आजी डोक्यावर मेथीची पाटी घेऊन आल्या. पाटी उतरवायला हात दिला आणि विचारलं, "आजी, तुम्ही रोज बाजाराला कशानं येता?"

आजींनी माझ्याकडे नीट बघितलं. पदरानं तोंड पुसलं.

"नाइलाजानं!"

मी हसू दाबून पुन्हा विचारलं, "तसं नाही हो, कशात बसून येता?"

"बसायला कोन देतंय? हुबीच येते की!"

आता हे कुठल्या चौकोनात बसवायचं? मी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर गंमत म्हणून लिहिलं, 'नाइलाज'. फॉर्म गेले श्रीनिवासकडे. तो समोर दिसेल ते इमानदारीत भरणारा माणूस. महिन्यानं दिल्लीहून पाहुणे आले. पडद्यावर रंगीत गोल तक्ता झळकला, आणि त्यात पायी, सायकल, बस यांच्या शेजारी जांभळ्या रंगाची एक बारीकशी फोड: नाइलाज!

पाहुणे पुढे वाकले. "ये नाइलाज कौनसी गाडी है? लोकल बनावट है क्या? बॅटरी पे चलती है?"

मी टेबलाखाली शिरायच्या बेतात. बिराजदार साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आपल्या खास सोलापुरी हिंदीत ते म्हणाले, "नहीं सर. वो आदमी के जीव पे चलती है. चार्जिंग नहीं लगता!"

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं.

* * *

त्याच सुमारास एका गावात, शेजारच्याच तालुक्यात, आमचं प्रशिक्षण होतं. तिथल्या नगरपालिकेचे कर्मचारी समोर बसलेले. मी तासभर जीव तोडून बोलले. कार्बन म्हणजे काय, तो का वाढतो, कमी का करायचा. शेवटी म्हटलं, "काही शंका?"

मागच्या रांगेतून एक वयस्कर क्लार्क उठले. "म्याडम, शंका न्हाय. पन तुमी लई उशिरा आला."

"का हो?"

"आमी कार्बन कवाच बंद केला. आता सगळं झेरॉक्स!"

सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मला कळेना, आभार कुणाचे मानू!

* * *

लोकांना सायकल चालवा म्हणायचं आणि आपण गाडीतून उतरायचं, हे बिराजदार साहेबांच्या मनाला लागलं. त्यांनी जाहीर केलं, "दर बुधवारी मी सायकलनं येणार."

पहिला बुधवार. साहेब विजापूर रोडवरून निघाले. साधं वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. पण साहेबांना अख्खं सोलापूर ओळखतं! पहिल्या चौकात एक ठेकेदार गाडी थांबवून खाली उतरला. "साहेब, गाडी बिघडली का? माझी घ्या." पुढे एक जुना शिपाई धावत आला, त्यानं सायकलचं हँडलच धरलं. "साहेब, काय अडचन असंल तर सांगा, आमी हाय की!" रंगभवनाजवळ एक बाई नुसत्याच हळहळल्या, "कसा मानूस, आनि काय दिवस आले!"

साहेब प्रत्येकाला थांबून आराखडा समजावत होते. ऐकून घेणारा मान हलवत होता, आणि साहेब पुढे गेले की फोन काढत होता.

इकडे आम्ही ऑफिसात वाट बघतोय. साहेबांच्या आधी दारात कोण? वहिनी, साहेबांच्या मिसेस! रिक्षानं आलेल्या, धापा टाकत, एका हातात डबा आणि मागोमाग फॅमिली डॉक्टर!

"अगं, सात फोन आले मला! सगळे एकच विचारतात, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून!"

तेवढ्यात साहेब घामानं निथळत जिना चढून आले. वहिनी पुढे धावल्या, घाईत आधी कानडी, मग मराठी, "एनायतु री? काय झालं हो तुम्हाला?"

साहेब धपकन खुर्चीत बसले. "व्यायाम!"

डॉक्टरांनी तरीही बीपी तपासलं. आलेच होते तर! ते म्हणाले, "गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं आलं नव्हतं."

दुसऱ्या बुधवारी साहेब पुन्हा सायकलवर. या वेळी वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही. मागच्या कॅरिअरला पाटी लावली होती, अक्षर वहिनींचं: 'गाडी चांगली आहे. तब्येत चांगली आहे. घरी सगळे मजेत. स्वखुशीने सायकल.'

* * *

मग चाचणीसाठी विजेवरची बस आली. दोन दिवस फिरवून बघायची, लोक काय म्हणतात ते लिहायचं. झकास बस! धूर नाही, धक्का नाही, आवाज तर अजिबातच नाही. आणि तिथंच घोटाळा झाला.

स्टॉपवर तीसेक माणसं उभी. बस उभी. दार उघडं. कुणी चढेना!

मी खाली उतरून एका फेटेवाल्या बाबांना विचारलं, "बाबा, चढा की, बस निघतेय."

"चालू झाली की चढतो."

"चालूच आहे."

"मला येडा समजू नगा. आवाज कुटाय?"

ड्रायव्हरनं बस हातभर पुढे घेऊन दाखवली. बाबा दोन पावलं मागे सरले. "उतारानं सरकली! बिरेक दाबा, बिरेक!" सगळी रांग मागे. एक बाई लेकराला ओढत म्हणाली, "बंद पडलेली गाडी हाय, उगं ढकलायला लावतील!"

मी हताश. तेवढ्यात मुजावर चाचा आमची गाडी बाजूला लावून आले. बसमध्ये चढले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, खिडकीतून तोंड बाहेर काढलं, आणि सुरू केलं: "घुर्रर्र... घुर्र घुर्र... घुर्रर्रर्र!"

बाबांचा चेहरा उजळला. "हां! आत्ता सुरू झाली!" आणि दोन मिनिटांत बस गच्च!

चाचा थांबले की लोक वळून बघायचे, म्हणून बिचारे पुढच्या चार स्टॉपांपर्यंत घुरघुरत गेले. वळणावर आवाज बारीक, चढाला मोठा! शेवटच्या स्टॉपवर बाबा उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी ब्येस हाय. फक्त इंजान जरा खोकतंय."

ड्रायव्हर चाचांच्या हातापाया पडायला लागला, "चाचा, उद्यापण या!"

चाचांनी बाटलीभर पाणी घशात ओतलं. "अब नको बाबा! गेर बदल-बदल को गला बैठ गया!"

* * *

सायकलींसाठी एका रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवला, तो उन्हाळ्यात. संध्याकाळी पट्टा झाला, मी घरी जाऊन सुखानं झोपले. सकाळी दहाला बघायला गेले तर पट्ट्यावर पांढरंशुभ्र काहीतरी. जवळ गेले. कुरडया! ओळीनं, एकसारख्या, चांगल्या पंधरा-वीस फूट! शेजारी हातात काठी घेऊन एक मावशी बसलेल्या.

"मावशी, हे काय? हा सायकलचा रस्ता आहे!"

"ठाव हाय की. म्हनून तर घातल्या."

"म्हणजे?"

मावशींनी काठीनं आमचीच पाटी दाखवली. 'या पट्ट्यावर वाहनांस सक्त मनाई.' "हितं गाडी येनार न्हाय, धूळ उडनार न्हाय, ऊन चांगलं, जागा सारवल्यागत गुळगुळीत. तुमी लई सोय केली बगा बायकांची!"

"आणि सायकलवाले कुठून जाणार?"

"त्यांना ठेवलीय की हातभर जागा. चांगली पोरं हायत, घंटी वाजवून कडंनं जात्यात."

मी श्रीनिवासला फोन केला, तो फोटो काढून गेला. महिन्याच्या शेवटी आढावा बैठक. श्रीनिवासनं नकाशा लावला. बाकीचा सगळा पट्टा लाल. जागोजागी कुणी स्कूटर लावलेली, कुणी टेम्पो. फक्त एक तुकडा स्वच्छ हिरवा. तिथं महिनाभरात एकही गाडी उभी राहिली नव्हती, आणि सायकली सगळ्यात जास्त.

"इथं काय केलं वेगळं?" सगळ्यांचा एकच प्रश्न. "कॅमेरा? दंड?"

श्रीनिवास म्हणाला, "कुरडई."

बिराजदार साहेब गंभीरपणे म्हणाले, "नोंद घ्या. पुढच्या टप्प्यात पापड!"

* * *

आणि आता श्रीनिवासचा. हा त्याच्यासमोर सांगितला की तो लाजून खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

पूर्व भागात एक बाजारगल्ली आहे. दोन्ही बाजूंना टॉवेल-चादरींची दुकानं आणि टोकाला शाळा. शाळा सुटायच्या वेळेला टेम्पो, रिक्षा, दुचाक्या आणि त्यातून दप्तरं सांभाळत वाट काढणारी पोरं. आदल्या वर्षी एका मुलीच्या पायावरून चाक गेलं होतं. म्हणून आराखड्यात आलं की ही गल्ली दुपारी चार ते संध्याकाळी आठ गाड्यांना बंद ठेवायची. दुकानदारांनी लगेच विरोध समिती काढली. समितीचे अध्यक्ष कोण? श्रीनिवासचे वडील! त्यांचं गल्लीत मधोमध दुकान. आणि आमच्याकडून नकाशा मांडणारा श्रीनिवास!

घरात बापलेकांचं बोलणं बंद. जेवताना वडील आईला तेलुगूत सांगायचे, "त्या साहेबांना विचार, अजून भात पाहिजे का." श्रीनिवास आईला म्हणायचा, "अध्यक्षांना सांग, नको." शेजारी बसलेली आई दोघांना वाढता वाढता कंटाळून गेली होती.

जाहीर सुनावणीत हॉल खचाखच. श्रीनिवासनं नकाशा लावला, तसे वडील उठले. "हे साहेब कोण? यांनी कधी आमच्या दुकानात बसून बघितलंय का?"

श्रीनिवास हळूच म्हणाला, "बसलोय. आपणच बसवत होता, दर सुट्टीत."

हॉलमध्ये हशा! वडील दुप्पट आवाजात म्हणाले, "तेव्हाही गिऱ्हाईक सोडून रस्त्याकडंच बघत होता!"

शेवटी एका दिवसाच्या चाचणीवर तोडगा निघाला. दिवस संपला की समिती निकाल सांगणार. समिती नाही म्हणाली, तर गल्ली पुन्हा पहिल्यासारखी आणि आमचा तो कागद फाईलमध्ये. आदल्या दिवशी श्रीनिवास जेवला नाही. मी म्हटलं, "अरे, घाबरतोस कशाला?" तो म्हणाला, "हरलो तर ठीक आहे. जिंकलो तर घरी काय तोंड दाखवू?"

चार वाजता दोन्ही टोकांना अडथळे लागले. गल्ली एकदम रिकामी. आपल्याच पायांचा आवाज ऐकू येत होता. श्रीनिवासचे वडील दुकानातून बाहेर आले, एक खुर्ची ओढली, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध टाकली आणि हाताची घडी घालून बसले. "बघतो कोण येतंय ते!"

आम्ही टोकाशी उभे. पुढे जायची हिंमत श्रीनिवासला होईना. शाळा सुटली, पोरं गल्लीभर पळत सुटली. थोड्या वेळानं समोरच्या दुकानदारानं वडिलांशेजारी आपली खुर्ची आणली. मग तिसरी, चौथी. कुणीतरी चहा सांगितला. वडील हातवारे करत काहीतरी बोलत होते, बाकीचे मांड्यांवर थापा मारून हसत होते. एका पोराचा चेंडू पायाशी आला, तर वडिलांनी बसल्या जागेवरून तो परत लाथाडला! गिऱ्हाइकं बायका-मुलांसह रमतगमत दुकानांत शिरत होती. खुर्च्यांमधून वाट काढत, एवढंच.

आठ वाजले. अडथळे काढायला माणसं आली. श्रीनिवास शेवटी चालत गेला. खुर्च्या मोजल्या तर चौदा.

"नान्ना," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यानं वडिलांना अशी, तेलुगूत 'बाबा' म्हणून, हाक मारली होती. "निकाल काय?"

वडिलांनी घसा खाकरला. "निकाल काय असणार? विरोध आहे! सगळ्यांचा! कडक विरोध!"

"मग या एवढ्या खुर्च्या?"

"विरोध समितीची बैठक चालू आहे, दिसत नाही? आज पुरी नाही झाली." ते उठले, खुर्ची उचलली आणि दुकानाकडे जाता जाता वळले. "उद्यापण चारला रस्ता बंद कर. आणि अडथळे नीट लाव, आज एक स्कूटर आत आली होती. नीट विरोध करायचा म्हणजे माणसाला जागा लागते!"