एकदा विचारून थांबणारी माणसं

यांच्या एका मित्राला आमच्या घरी सगळे नुसतं पटेल म्हणत. उज्जैनपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर त्यांचं गाव आणि गावची पटेलकी त्यांच्याच घरात. लहानपणी ते आणि हे उज्जैनला एका शाळेत, एका बाकावर बसत. पुढे हे कचेरीत कारकून झाले आणि पटेल शेतीवर परत गेले. पण जमिनीच्या कागदांचं काम निघालं की ते आमच्याकडे येत, आणि त्या दिवसांत काम सारखंच निघे, कारण राज्यच बदलत होतं. आधी ग्वाल्हेर दरबार, मग मध्यभारत, मग मध्यप्रदेश. यांच्या कचेरीची पाटी रंगवणारा घरच्यासारखा झाला होता. हे म्हणत, "पाटी ओली आहे तोवर कागद हलत नाही."

पटेल यायचे ते नेमके जेवणाच्या वेळेला. सासूबाई आतून विचारत, "पटेल, जेवणार का?" ते म्हणत, "नहीं आईजी, घर से खाके चला हूँ." सासूबाई "बरं" म्हणत. मग हे पाटावर बसत आणि पटेल उंबऱ्याशी बसून यांचं जेवण होईपर्यंत गप्पा मारत. मला वाटे, एवढा धिप्पाड माणूस आणि किती कमी खातो.

एकदा थंडीत ते कचेरीचं काम नसताना आले. त्यांची मुलगी चौथीत होती आणि गावची शाळा चौथीवर संपत होती. आमची थोरलीही तेव्हा चौथीतच. पटेल यांना म्हणाले, "भाई, छोरी का दिमाग अच्छा चलता है. तुम्हारे यहाँ रह लेगी क्या? दोनों साथ स्कूल जाएँगी." सासूबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. "राहू दे," त्या म्हणाल्या, "एका कंदिलात दोघींचा अभ्यास होईल."

मला कोणी विचारलं नाही, पण मी चुलीपाशीच देवाला हात जोडले. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात माझी पाटी धाकट्या भावाकडे गेली. मला भूगोल फार आवडे. चौथीच्या पुस्तकात नद्या होत्या, आणि गुरुजी म्हणाले होते की समुद्र पाचवीत येतो. माझा समुद्र राहूनच गेला. पटेलांची मुलगी मी तोवर पाहिलीही नव्हती, तरी ती पाचवीत जावी असं मला मनापासून वाटत होतं.

अडचण होती ती पटेलांच्या आईची. त्यांना सगळा गाव माँजी म्हणे. त्यांनी निरोप पाठवला होता की आधी त्या लोकांना इकडे आणा. नात कुठल्या घरात ठेवायची ते मी त्यांना पाहून ठरवीन.

पटेलांनी गाडी पाठवली. सासूबाईंचं सोवळं, त्यामुळे त्या आल्या नाहीत. निघताना त्यांनी मुलांना बजावलं, "लोकांच्या घरी पानात काही टाकायचं नाही. वाढलेलं सगळं संपवायचं." आणि मला म्हणाल्या, "तू तोंड उघडून दोन शब्द बोल तिथे. नाहीतर त्यांना वाटेल, सून मुकी आहे." परक्यांसमोर बोलायचं म्हटलं की माझी कानशिलं गरम होतात, हे त्यांना ठाऊक होतं. गाडीत बसल्यापासून मी ते दोन शब्द शोधत होते.

भैरवगढपाशी नदीकाठी छापलेली कापडं वाळत पसरली होती, लाल आणि काळी, पार लांबपर्यंत. मधल्याने विचारलं, "हे कोणाचं धुणं?" हे म्हणाले, "सगळ्या उज्जैनचं." ते त्याला खरं वाटलं. त्यात आपला सदरा कुठे दिसतो का म्हणून तो मान वळवून वळवून पाहत राहिला. हे कोट घालून निघाले होते. अर्ध्या वाटेतच धुळीने त्या कोटाचा रंग गाडीवानाच्या बंडीसारखा झाला. धाकटी माझ्या मांडीवर झोपली आणि उठली ती पटेलांच्या दारात.

पटेलांची मुलगी दारातच उभी होती. दोन घट्ट वेण्या, हातात विळा. नमस्कार वगैरे काही नाही. थोरलीला म्हणाली, "होले खाएगी?" आणि तिन्ही पोरांना घेऊन हरभऱ्याच्या शेताकडे गेलीही. हरभऱ्याची ओली झाडं गवताच्या जाळावर भाजून घाटे फोडून खायचे, त्याला तिकडे होले म्हणतात. तासाभराने मुलं परतली तेव्हा सगळ्यांची तोंडं कोळशासारखी झाली होती. मधल्याला तर मी आवाजावरून ओळखलं.

तोवर मला बघायला गावातल्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांचे घुंघट नाकाच्या खाली. माझ्या डोक्यावर पदर, पण तोंड उघडं, त्यात नऊवारी. एकीने मागे जाऊन माझा काष्टा पाहिला आणि म्हणाली, "बई, ये खुलता नहीं?" मी मान हलवली. मला त्यांच्या घुंघटाचा हेवा वाटत होता. माझ्यासारखीला तो किती सोयीचा. माँजी मात्र खाटेवर बसून नुसत्या पाहत होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, आणि डोळे असे की पापणीसुद्धा हलत नव्हती.

मी संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांचा डबा नेला होता. पटेलांची मुलगी जवळ आली तशी मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. म्हटलं, "लो बेटी." ती वड्यांकडे पाहत म्हणाली, "नहीं काकी." मी झाकण लावून डबा ठेवून दिला. मला वाटलं, होले खाऊन पोट भरलं असेल. झाकणाचा आवाज झाला तसं माँजींनी मान वळवली, एवढं मला आठवतं.

मग जेवणं. अंगणात पत्रावळी मांडल्या आणि हे, पटेल आणि मुलं बसली. डाळ-बाफल्यांचा बेत होता. बाफले म्हणजे कणकेचे जाड गोळे आधी उकडून मग गोवऱ्यांवर भाजतात आणि तुपात बुडवून काढतात. वर चुरम्याचे लाडू. पटेलीणबाई वाढत होत्या. आमची मुलं आजीची शिकवण पाळून पत्रावळ चाटूनपुसून साफ करत होती, आणि पत्रावळ रिकामी दिसली की पटेलीणबाई तिच्यात आणखी एक बाफला टाकत होत्या. मधला घामाघूम झाला. शेवटी तो रडवेल्या आवाजात मला म्हणाला, "आई, मी संपवतो तसं येतंच आहे."

"थोडं टाक पानात," मी हळूच म्हटलं.

"आजी रागावेल."

"आजी कुठे आहे इथे?"

त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि मग अर्धा बाफला तसाच ठेवला. त्याबरोबर वाढणं थांबलं. तिकडे पोट भरल्याची खूण तीच होती.

पटेल हसायला लागले. माँजी हसल्या नाहीत. त्या खाटेवरूनच म्हणाल्या, "छोरी नी जायगी."

म्हणजे मुलगी आमच्याकडे येणार नाही. पटेलांची मुलगी पाण्याचा लोटा घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"क्यों, माँ?" पटेलांनी विचारलं.

"थूं इनका घर से कई खाके आवे?" माँजी म्हणाल्या. "बता. टावर पे जाके पूरी खावे हे नी?"

यांच्या घरून तू काय खाऊन येतोस, असं त्या विचारत होत्या. पटेलांनी मान खाली घातली. तेव्हा सगळं बाहेर आलं. आमच्याकडून निघाले की ते उज्जैनच्याच फ्रीगंजमध्ये टावर चौकातल्या दुकानात जाऊन पुरीभाजी खात आणि मग गाडी जोडत. इतकी वर्षं.

हे हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "अरे, पण तू खाऊन आलोय म्हणायचास."

"कहता था. पर ऐसे कोई मान लेता है क्या?"

"माणूस नाही म्हणाला तर काय मानायचं?"

"भाई, पहली ना तो सब करते हैं. दूसरी भी. फिर घरवाला हाथ पकड़के बिठाता है. तुम तो पहली में ही बैठ जाते थे, अकेले."

माँजींनी माझ्या डब्याकडे बोट दाखवलं. "अबी देख्यो म्हने. छोरी ने एक बार ना करी, ने इणने डब्बो बंद कर दियो. वहाँ रोज ना करेगी, रोज भूखी सोयगी."

त्यांचं काही खोटं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत आमच्यातही आग्रह चालतो, पण घरी रोजच्या जेवणाला आम्ही एकदा विचारतो आणि समोरचा नको म्हणाला की त्याच्या शब्दाला मान देतो. पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं, असं सासूबाईंचं मत. हे मी त्यांना कुठल्या भाषेत सांगणार होते? आणि सांगून त्या मुलीचं काय होणार होतं? तिने लोटा खाली ठेवला होता आणि ती आपल्या वेणीचं टोक चावत होती.

पुरुषांची पानं उठली आणि आम्ही बायका बसलो. पटेलीणबाईंनी माँजींनाही बोलावलं. त्या म्हणाल्या, "भूख नी हे." रागावल्या होत्या. पटेलीणबाई सासूच्या धाकाने थबकल्या. मग मी काय केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. मी ताटातला एक लाडू उचलला, उठले आणि खाटेपाशी जाऊन तो त्यांच्या तोंडापाशी धरला.

"माँजी, एक."

"ना."

"मेरे हाथ से."

"ना, बई. पेट भर्यो हे."

अंगणात पटेल, हे, पोरं, घुंघटातल्या सगळ्या बायका. माझे कान इतके तापले होते की त्यावर बाफला भाजला असता. दोन नकार तर रीतीचे होते, पण माँजी तिथे थांबल्या नाहीत. त्या नको म्हणत राहिल्या आणि मी लाडू धरून उभी राहिले. तूप वितळून मनगटावरून बांगड्यांत उतरलं. हे वर कौलांकडे बघत होते. मला गाडीत न सापडलेले शब्द तेव्हा कसे कोण जाणे सापडले. मी म्हटलं, "आप नहीं खाएँगी तो मैं यहीं खड़ी रहूँगी. गाड़ी इनको लेकर चली जाए. यहाँ का सब काम मैं कर लूँगी, रोटी भी, गोबर भी."

घुंघटातलं कोणीतरी खुदकन हसलं. माँजींनी माझ्याकडे पाहिलं, मग लाडवाकडे, आणि तोंड उघडलं. दात थोडेच होते, त्यामुळे लाडू संपायला वेळ लागला.

"म्हारी छोरी नी-नी करेगी," शेवटी त्या म्हणाल्या. "थूं पूछती रीजे."

"पूछती रहूँगी," मी म्हटलं.

मी जाऊन पुन्हा डबा उघडला. मुलगी म्हणाली नको. मी म्हटलं घे. ती म्हणाली नको, पण तोवर एक हात पुढे आला होता. पुन्हा म्हटल्यावर तिने दोन्ही हातांनी वड्या घेतल्या आणि तिथेच उभी राहून सगळ्या खाल्ल्या.

शाळा उघडल्या तेव्हा ती पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली. कचेरीतले बरेच लोक नव्या राजधानीत, भोपाळला गेले, पण यांचं टेबल उज्जैनलाच राहिलं, म्हणून तिचीही शाळा राहिली. मी तिला पोळी, भात, दूध सगळं विचारत राहिले. सासूबाई म्हणत, "एका पोळीला एवढी विनवणी?" मधल्याला ती गंमत आवडली. तोही दुधाला "नको, नको" म्हणून मान वेळावू लागला. एकदा वाढायला सासूबाई होत्या. त्यांनी "बरं" म्हणून दूध उचललं आणि विरजण लावलं. त्यानंतर त्याने पहिल्याच वेळी हो म्हणायला सुरुवात केली. पटेलांची मुलगीही दिवाळीपर्यंत आमच्यासारखी झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून म्हणे, "काकू, भूक लागलीय." समुद्राचा धडा तिने मला दोनदा वाचून दाखवला. मीच मागितला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पटेल तिला परत सोडायला आले तेव्हा माँजींचा निरोप घेऊन आले. "माँ बहुत नाराज है, भाभी. कहती है, छोरी को बिगाड़ दिया. शादी में गई तो पहली बार में ही हाँ कर दी. सब के सामने."

मला वाटलं, आता तिला इथे ठेवणार नाहीत. मी पेटीकडे पाहिलं. पेटी बरोबर आणली होती, वर नवं बसकरही बांधलं होतं. मग मी निश्चिंत होऊन पाट मांडला.

"नहीं भाभी, खाके चला हूँ," पटेल म्हणाले.

मी ताट वाढायला घेतलं.

"अगं, तो नको म्हणतोय ना?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"म्हणू दे," मी म्हटलं. सासूबाईंना मी असं कधी म्हटलं नव्हतं. पटेलांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि पाटावर बसले.