तडकलेला कमठा

राग माझ्या नाकावर असतो हे माहेरच्यांनी लग्नाआधी सांगितलं नव्हतं. सासरी महिन्याभरात कळलं. पण त्या रागापायी मी एकदा काय करून बसले होते, ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

आमचं शेत तेरणेच्या काठाला, तेरपासून चालत तासाभराच्या वाटेवर. बहात्तरच्या दुष्काळात नदीत नुसती वाळू होती. विहिरीच्या तळाला जे पाणी पाझरायचं, त्यावर एवढासा ज्वारीचा तुकडा हिरवा ठेवलेला. बी सोसायटीचं, घाम आमचा. आजूबाजूला सगळं उजाड, त्यामुळं रानडुकरांचा डोळा त्याच तुकड्यावर. ती हाकलायला सासऱ्यांकडं बांबूचं धनुष्य होतं. कमठा म्हणायचे त्याला. कळपातल्या एकाला तीर लागला की बाकीची आठ दिवस फिरकत नसत.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांना एकच डोळा होता. तरणेपणी दुसऱ्या कुणीतरी रिकामा सोडून तडकवलेला कमठा ओढायला घेतला, तो ओढता ओढता मोडला आणि त्याची ढलपी डाव्या डोळ्यात गेली. म्हणून घरात एक नेम होता, तीर लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. जोर तीर घेऊन जातो. तीर नसला की तो जोर कमठ्याच्याच अंगावर येतो आणि बांबू फाटतो. हे मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवऱ्याशी वाजलं. कशावरून ते आता आठवतही नाही, पण जाता जाता तो म्हणाला, "तुझ्या हातानं कमठ्याची दोरी तरी हलंल का?" आणि गेला बैलाकडं. मी तणतणत कमठा खुंटीवरून काढला, कानापर्यंत ओढला आणि दिला सोडून. रिकामा. कट् असा बारीक आवाज आला. बघते तर मुठीच्या वर, आतल्या अंगाला, केसाएवढी चीर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पूजेला नांगर, विळे, कुऱ्हाड मांडली. कमठा मीच पुसला. हळदकुंकू जरा जास्तच लावलं आणि बरोबर त्या चिरेवर लाल-पिवळा नाडा गुंडाळला, सात-आठ वेढे. आमच्यात खंडेनवमीचा नाडा सोडत नाहीत, आपोआप गळून पडेपर्यंत ठेवतात. म्हणजे त्याखाली कुणी बघणार नव्हतं. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "सूनबाईनं लई मनापासून पूजा केली बघा." मला तोंड वर करवेना.

आज सांगते, उद्या सांगते असं चाललं. दिवसभर मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, संध्याकाळी आल्यावर आधी खुंटीकडं बघायची. कमठा तिथंच असायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणी नुसतं त्या भिंतीला टेकलं तरी मी हातातलं काम टाकून तिकडं बघायची. मग मीच मला समजवायची, अगं, अजून कुणी हात लावलाय का? काही झालंय का?

ज्वारी पोटऱ्यात आली आणि बांधावर डुकरांचे माग दिसले. दिवस कलता कलता मामांनी कमठा काढला, खांद्याला तीर अडकवले. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानं उठले.

"मामा, तो नाडा सोडा आधी."

"खंडेनवमीचा नाडा? त्यो सोडत न्हाईत, पोरी."

मी विळा घेतला आणि सगळे वेढे एका दमात कापले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "ह्या पोरीला काय म्हणावं आता," म्हणाल्या. मामांनी देवळीतला वातीचा कापूस घेतला आणि कमठ्यावरून हळूहळू फिरवत नेला. चीर त्यांना दिसली नसती, पण कापूस मुठीच्या वर अडकला आणि त्याचे तंतू तिथंच राहिले.

"बांधून, चिकटवून चालंल का?" मी विचारलं.

"तडकल्यालं आवळलं की नुसतं झाकलं जातं. ताकद येत न्हाय." मग त्यांनी विचारलं, "कवाचं हे?"

मी सगळं सांगितलं. राग, रिकामी दोरी, हळदकुंकू. आता शिव्या बसतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. बसल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द उलटून बोलले असते.

मामा उंबऱ्यावर बसले. दोरी उतरवून गुंडाळली आणि म्हणाले, "तू खडीवर जायचीस, तवा म्या दोन बार शेतात नेला व्हता ह्यो. तीर लावून, डोळ्याम्होरं धरून, कानापत्तोर वढला व्हता."

एवढंच बोलून ते त्या धड डोळ्यावरून हात फिरवत राहिले.